रेकॉर्डर घेताय? रिव्ह्यू कुणासाठी लिहिलाय ते आधी बघा

फील्डवर्कला निघायची वेळ आली की हा प्रश्न हमखास येतो: "बजेट कमी आहे, रेकॉर्डर कुठला घेऊ? त्याच्यावर गाणीही ऐकता आली तर बरं." मग तुम्ही चार रिव्ह्यू बघता आणि आणखीनच गोंधळता. कारण ते रिव्ह्यू बहुतेक वेळा गिटार वाजवणाऱ्यांसाठी किंवा व्हिडिओ करणाऱ्यांसाठी असतात. तुम्हाला मुलाखत किंवा ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत, त्या शब्दन् शब्द उतरवून काढायच्या आहेत आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी त्या ऐकता यायला हव्यात. या तीन कसोट्यांवर नेहमीचे पर्याय तपासू.

फोन आहे की!

आहे, आणि काहीच नसेल तर फोन चालेल. पण तीन अडचणी आहेत. मध्येच कॉल आला तर रेकॉर्डिंग थांबू शकतं. फोन 'नको तो' आवाज स्वतःच कमी करतो, आणि जात्याची घरघर त्याला नको तीच वाटू शकते. तिसरी अडचण सगळ्यात गंभीर: अनेक फोन फाइल आपोआप क्लाउडवर चढवतात. "हे माझ्याजवळच राहील" असं तुम्ही समोरच्या बाईंना सांगितलेलं असतं, आणि ते तिथेच खोटं ठरतं.

जुन्या रेकॉर्डिंग ॲपमधला एएमआर फॉरमॅट तर टाळाच. त्याचा साधा प्रकार साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापतो. 'स'चा बराचसा आवाज त्याच्या वर असतो. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च यांतला फरकही बराचसा वरच्याच पट्ट्यात असतो. बोलीचा अभ्यास करणाऱ्याने एएमआर वापरणं म्हणजे पुरावाच पुसून टाकणं.

तीन यंत्रं

सोनी आयसीडी-पीएक्स४७० तिघांत स्वस्त. ४ जीबी मेमरी आतच, वर मायक्रोएसडी कार्डची सोय, आणि यूएसबी बाजूलाच सरकून बाहेर येतो, म्हणजे केबल हरवायची भीती नाही. गाणी वाजवायलाही चांगला. एकट्या माणसाची समोरासमोर मुलाखत असेल तर पुरेसा आहे. पण हळू आवाजातलं गाणं घेतलंत तर मागे 'सूं' ऐकू येईल. त्याचं नेहमीचं रेकॉर्डिंग एमपी३मध्ये होतं. सेटिंगमध्ये जाऊन एलपीसीएम निवडा.

झूम एच१एनचे दोन माइक ९० अंशांत असतात, त्यामुळे समोरचा आवाज ठळक येतो. एकच गायिका किंवा एकच वाद्य असेल तर उत्तम. मात्र अंग प्लॅस्टिकचं आहे. हातात धरलात तर बोटांची खरखर रेकॉर्ड होते, म्हणून घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. कार्ड ३२ जीबीपर्यंतच चालतं.

टास्कॅम डीआर-०५एक्सचे माइक सगळीकडून सारखं ऐकतात. बायका गोल बसून गातायत, मध्येच कुणी दुरुस्ती सुचवतंय, अशा बैठकीला माझं मत टास्कॅमला. उलट बाजूला पंखा किंवा टीव्ही चालू असेल तर तोही तितकाच स्पष्ट येणार. कार्ड १२८ जीबीपर्यंत चालतं.

तिन्हींत साधे सेल लागतात: सोनी आणि झूमला रिमोटचे, टास्कॅमला भिंतीवरच्या घड्याळाचे. वाडीवरच्या किराणा दुकानातही ते मिळतात. चार्जिंगवाल्या चकचकीत यंत्रांना कमी बजेटच्या यादीत घेतलं नाही, त्याचं हेच कारण.

कुठल्या आकड्यांना भुलू नये

९६ किलोहर्ट्झ! डब्यावर मोठ्या अक्षरांत असतं. मुलाखतीला ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुष्कळ झालं. हिशेब करा: स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात ३० तास बसतात. ९६ केलंत तर जागा दुप्पट लागते, आणि बोलण्यात त्याचा फायदा काही नाही.

'आवाज आला की आपोआप सुरू' ही सोय विक्रेते कौतुकाने सांगतात. आपल्यासाठी ती घातक आहे. वाक्याचा पहिला अक्षरतुकडा जातो आणि मधली शांतताही जाते. प्रश्न विचारल्यावर आजी किती वेळ गप्प राहिल्या, हासुद्धा डेटाच आहे. ती सोय बंद ठेवा.

उलट रिव्ह्यूत एका ओळीत उरकलेली गोष्ट आपल्याला रोज लागते: वाजवण्याचा वेग कमी करणं. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला सहज पाच-सहा तास जातात. वेग कमी करून एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकता आली नाही तर तो प्लेअर आपल्या काय कामाचा? ही सोय तिघांतही आहे. शिवाय फील्डमध्येच गाणं परत वाजवून दाखवता येतं, आणि गायिका स्वतःच म्हणतात, "अगं, इथं एक ओळ राहिली."

मग पैसे कुठे घालायचे?

आधी वाऱ्यासाठी फोमची टोपी, साधे पण कान झाकणारे हेडफोन आणि दोन कार्डं. उरलेल्या पैशांत यंत्र. महागडा रेकॉर्डर हेडफोनशिवाय चालवण्यापेक्षा स्वस्त रेकॉर्डर हेडफोन लावून चालवलेला बरा. गडबड तिथल्या तिथे कळते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्यातल्या काही १९९०च्या दशकातल्या रेकॉर्डिंगमुळे आज त्या त्या बाईंच्या आवाजात ऐकता येतात. त्यातल्या अनेक जणी आता हयात नाहीत. कागदावर ओवी उरते, पण चाल, दम आणि मागची जात्याची लय उरते ती फक्त रेकॉर्डिंगमध्ये.

म्हणून घेतलेलं यंत्र आधी घरी आठवडाभर वापरा. तारीख-वेळ बरोबर लावा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गाव, तारीख आणि समोरच्यांची संमती बोलून घ्या. त्याच रात्री फाइल दोन ठिकाणी ठेवा, आणि तोवर कार्ड पुसू नका.