‘वंद्य’ गाळलेले नाव

भवानीचरण बंद्योपाध्याय या बंगाली तरुणाने १८९१ साली सिंधमध्ये स्नानसंस्कार स्वीकारला. प्रथम अँग्लिकन धर्मगुरूच्या हस्ते, आणि त्याच वर्षी पुढे कराचीत कॅथोलिक म्हणून. नाव घेतले थिओफिलस. संत लूकने ज्याला उद्देशून शुभवर्तमान लिहिले त्याचे हे ग्रीक नाव. अर्थ, देवाचा मित्र. १८९४ च्या अखेरीस संन्यास घेताना त्यांनी त्याचे संस्कृत रूप केले : ब्रह्मबंधू, पुढे ब्रह्मबांधव.

देशीकरणाचा आद्य नमुना म्हणून ही हकिगत आपल्याकडे सांगितली जाते. परंतु नावाचे नुसते भाषांतर कोणीही करील. खरे धाडस आडनावात आहे. ‘बंद्योपाध्याय’ म्हणजे वंद्य उपाध्याय. त्यांतील ‘वंद्य’ त्यांनी गाळले आणि आपल्या ‘सोफिया’ मासिकात कारणही दिले : दुःखी व तिरस्कृत अशा ख्रिस्ताच्या शिष्याला ते शोभत नाही. शिवाय जुन्या संस्कृतात ‘ब्रह्मबंधू’ हा केवळ जन्माने ब्राह्मण असलेल्यासाठी हिणवणुकीचा शब्द आहे. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूचा पिता मुलाला बजावतो तो त्याच अर्थाने. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला हा दुसरा अर्थ टाळता येत नाही. (दृढीकरणासाठी संताचे नाव निवडताना आपल्या घरांत कानाला गोड काय लागते एवढेच पाहिले जाते!)

हे नाव समजले म्हणजे १८९८ सालचे त्यांचे ‘वंदे सच्चिदानंदम्’ हे त्रैक्यस्तोत्र निराळे वाचावे लागते. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या नावातून काढलेला धातूच येथे परमेश्वराला वाहिलेला आहे. सत्, चित् आणि आनंद या वेदांतातील संज्ञांतून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे स्तवन चालते. आपल्या अभंगांप्रमाणे शेवटी कवीची नाममुद्रा नाही. ‘वंदे’ या क्रियापदाच्या उत्तमपुरुषी प्रत्ययात काय तो कवी उरला आहे. लांबलचक समासांमुळे ते आपल्या धर्मग्रामातील श्रद्धावंतांना जड जाते, हा दोष मात्र मान्य केला पाहिजे.

आणि नंतर? १९०४ साली सुरू झालेल्या ‘संध्या’ पत्रातील त्यांचे गद्य प्रखर आहे, पण त्यात अनेकदा जातिकुळाचा ताठा डोकावतो. स्वतः टाकून दिलेले ‘वंद्य’ तेथे मागल्या दाराने परतले, असे मला वाटते. ही तक्रार त्यांच्या राजकारणाविषयी नाही, लेखनाच्या सुराविषयी आहे. १९०७ मध्ये त्यांनी प्रायश्चित्तविधी केला, म्हणून काही जण त्यांना ख्रिस्तसभेतून वजाच करतात. तो हिशेब मला घाईचा वाटतो. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात, स्वराज्याच्या ईश्वरनियोजित कार्यातील आपला अल्प वाटा आपण उचलत आहोत, असे सांगून त्यांनी परकीय सत्तेपुढे जाब देण्यास नकार दिला. ‘अल्प’ हा शब्द त्यांचाच. खटला चालू असतानाच २७ ऑक्टोबर रोजी कलकत्त्याच्या कॅम्बेल रुग्णालयात त्यांचे निधन झाले.