बस्ता आणि बिऱ्हाड

आमच्या गोंदियाकडे एखाद्या घरी लग्न ठरले, की मुहूर्ताच्याही आधी वाद सुरू होतो तो बस्त्याला नागपूरला कोणी कोणी जायचे याचा. आत्याला नेले नाही तर ती मांडवात रुसणार, आणि नेले तर प्रत्येक लुगड्याचा काठ चिमटीत धरून नाक मुरडणार. शेवटी दहा-अकरा माणसे पोळ्या-चटणीचे डबे घेऊन सकाळच्या गाडीत बसतात. सुमारे सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरचा प्रवास. भंडारा रोड, कामठी मागे पडले की गाडीतच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, इतवारीलाच उतरा, घाऊक भाव तिथेच. दुसरा म्हणतो, नवरीचा शालू काही रोज घ्यायचा नसतो, बर्डीवरच चला. बर्डी म्हणजे सीताबर्डी. १८१७ च्या नोव्हेंबरात ज्या टेकडीवर भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज लढले, तिच्या पायथ्याशी आता साड्या, चपला, भांडी आणि चष्मे विकले जातात. २०१९ पासून डोक्यावरून मेट्रोही धावते. संध्याकाळी गठ्ठे सांभाळीत मंडळी परततात आणि पुढे वर्षभर सांगतात, ‘आम्ही बर्डी पाहिली.’

मी त्या बर्डीवर दोन वर्षे राहिलो आहे. शाळेतल्या नोकरीपूर्वीची गोष्ट. मुख्य रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीच्या तोंडाशी कापडाचे दुकान होते, त्याच्या माडीवरच्या खोलीत आम्ही दोघे भाडेकरू होतो. तेव्हापासून मला वाचताना एक खोड लागली आहे. मराठी पुस्तकात शहरातला बाजाराचा रस्ता आला, की मी मनाशी विचारतो : हा लेखक इथे बस्त्याला आला होता, की याचे बिऱ्हाड इथे होते? दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा प्रश्न फार जड नाही, म्हणून तो इथे मांडतो.

बाजाराला पाहुणा म्हणून जाणे आपल्या भाषेतच मुरलेले आहे. नागपूरच्या जुन्या वस्त्यांची नावे पाहा : इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शनिचरी. बाजार ही आधी जागा नव्हती, तो वार होता. आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांत अजूनही तो वारच आहे. ठरलेल्या दिवशी बाजार गावाला येतो, झाडाखाली ताडपत्री पसरतो आणि अंधार पडताच उठून जातो. शहरात तो उठायचा विसरला, एवढाच फरक. आता बाजार बसून राहिला आणि माणसे येऊ-जाऊ लागली. मात्र जिथे बाजार बसला तिथे कोणाची तरी चूल होतीच. त्या चुलीचे काय झाले, हे आपल्या साहित्यात शोधू लागलो की हाती फार थोडे लागते.

गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली निघाले. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, ते ते दिवस. माडगांवकर पेशाने शिक्षक, त्यामुळे मला त्यांच्याविषयी थोडा जास्तच जिव्हाळा वाटतो. शहराची मोजदाद करण्याचा त्यांचा उत्साह विलक्षण आहे. बाजार, धंदे, देवळे, जाती, सण यांतले काहीही त्यांना क्षुल्लक वाटत नाही. त्यांची नजर पाहणाऱ्याची आहे खरी, पण त्या पाहण्यात तुच्छता नाही, आणि दुकानदार हा त्यांना माणूस वाटतो. पुढच्या शंभर वर्षांत आपण ही गोष्ट हरवली असे माझे मत आहे.

त्या शंभर वर्षांच्या अखेरीस, १९५८ साली, ‘बटाट्याची चाळ’ आली. पु. लं.चे हे पुस्तक आमच्या घरी तीन पिढ्यांनी वाचले आहे, तेव्हा त्यावर टीका करायची म्हणजे घरातच भांडण. तरीही सांगतो. चाळीतला उपास, गच्चीसाठी झालेली चळवळ, ते भ्रमणमंडळ हे सगळे आठवून पाहा. किती माणसे आणि किती गलका! पण चाळीच्या दरवाजाबाहेरचा रस्ता आठवतो का? मला आठवत नाही. गिरगावात जाऊन आलात तर कारण समजेल. तिथल्या वाड्या रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या आहेत. दर्शनी बाजूला दुकाने, मधून एक बोळ, आणि आत गॅलऱ्या समोरासमोर. मराठी कुटुंब आत राहिले, बाजार बाहेर राहिला. पु. लं.नी त्या आतल्या जगाला जे प्रेम दिले त्याला तोड नाही. पण त्यांच्या मागून आलेल्या शेकडो चाळकथांनी रस्त्याकडे केलेली पाठ वळवलीच नाही. त्यांत दुकानदार येतो तो उधारीचे पान घेऊन, आणि त्याच्या तोंडी मोडके मराठी घातले की लेखकाचे काम झाले.

याला कारणे आहेत. लिहिणारे आम्ही बहुतेक पगारदार : कारकून, मास्तर, फार तर वकील. एक तारखेला रस्ता आम्हांला गोड दिसतो आणि वीस तारखेनंतर आम्ही मान खाली घालून त्यावरून जातो. दुसरे कारण भाषेचे. गोंदियाच्या बाजारात मी आजही भाव हिंदीत करतो. माझी पोवार शेजारीण घरी पोवारी बोलते, शाळेत मराठी आणि दुकानाच्या पायरीवर हिंदी. मुंबईत तीच गत गुजरातीची. ज्या भाषेत रस्ता जगतो तीत आपण घासाघीस तेवढी करतो, आणि घासाघिशीच्या शब्दांतून कादंबरी उभी राहत नाही. पण कारण सांगितले म्हणजे उणीव भरून निघाली असे नव्हे. उद्धव शेळक्यांनी १९६० साली ‘धग’ लिहिली तेव्हा शिंप्याच्या घरातली कौतिक त्यांनी वऱ्हाडी बोलीत उभी केली. कापड विकत घेणाऱ्याची बाजू आपण नेहमी वाचतो. सुई-दोऱ्याच्या बाजूने गरिबी कशी दिसते, ते त्या कादंबरीत कळते. ते गाव लहान आहे, रस्ता शहराचा नाही. पण वाट दिसत होती. बाजारपेठेकडे ती कोणी फारशी नेली नाही.

आता माझे स्वतःचे पाप सांगतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीचा नायक अशाच एका दुकानावरच्या खोलीत राहतो. दिवाळीच्या रात्री तो खिडकीशी उभा राहून खालचा झगमगाट पाहतो आणि गावाकडच्या आईच्या आठवणीने त्याचा गळा दाटतो. हे प्रकरण वाचून मला पत्रे आली. एका समीक्षकांनी ‘चित्रदर्शी’ असा शब्द वापरला. तो मी पुष्कळ दिवस जिभेवर घोळवला. पुढे एकदा बर्डीवर गेलो असता आमच्या जुन्या खोलीखालच्या दुकानातला नोकर भेटला. त्याने ते पुस्तक वाचनालयातून आणून वाचले होते. चहा पाजला आणि म्हणाला, “गुरुजी, पुस्तक चांगलं हाये. पण त्या खिडकीतून रस्ता कसा काय दिसला जी तुमाले? तिथं त बोर्ड नोहता का?”

मी गप्प झालो. बोर्ड होता. दुकानाच्या नावाची पाटी आमच्या खिडकीच्या अर्ध्यावर आलेली होती, आणि दिवाळीत तिच्यावर आणखी एक कापडी फलक चढे, तो थेट चौकटीच्या वरपर्यंत. दोन वर्षांत त्या खिडकीतून मी रस्ता एकदाही धड पाहिला नव्हता. मग मी लिहिले ते कोणाचे दृश्य? चार सिनेमे आणि दहा कथा यांतून उचललेले. राहिलो मी बिऱ्हाड करून आणि लिहिले बस्त्याला आल्यासारखे.

त्यानंतर मी आठवू लागलो, की त्या खोलीत मला खरोखर काय मिळत होते. दिसत काही नव्हते. ऐकू येत होते. सकाळी नऊच्या सुमारास पायऱ्यांवर मारलेल्या पाण्याचा सपकारा, मग एकामागून एक वर जाणारी शटरे. बोहनी होईपर्यंत खाली सगळे हळू बोलत. ताका उलगडून गादीवर आपटला की एक भरीव आवाज येई, आणि दिवसाला असे किती आवाज झाले यावरून धंदा कसा आहे ते आम्हांला वर बसून कळे. मे महिन्यात पत्रा तापून दुपारी खोलीत उभे राहवत नसे, तेव्हा आम्ही खालीच जाऊन बसत असू आणि गिऱ्हाईक आले की उठत असू. रात्री दहानंतर पुठ्ठ्याची खोकी गोळा करणारी बाई येई, तिच्या मागोमाग कुत्री. आठवड्याच्या बंदीच्या दिवशी रस्ता एवढा रुंद वाटे, की आपण चुकून दुसऱ्याच गावी जागे झालो असे वाटावे. घरमालकीणबाईंनी खालच्या दुकानातून कधी वीतभर कापड घेतले नाही. त्या म्हणत, “हे दुकान आल्या-गेल्यांसाठी.” भाजीसुद्धा त्या महालात बुधवारीतून आणीत.

आणि दिवाळी! आपण सारे जिला बाजाराची शोभा म्हणतो त्या आठ दिवसांत आम्हांला जिन्यावरून पाण्याची बादली नेता येत नसे. पायऱ्यांवर थकलेल्या बायका पिशव्या मांडीत घेऊन बसलेल्या, त्यांची मुले पेंगत असलेली. बाहेर फुटपाथवर पणत्यावाले, रांगोळीवाले, आणि फेरीवाले-दुकानदार-महापालिका यांचे ते न संपणारे तिरंगी भांडण. दुकानातली पोरे दुपारचे जेवण चार वाजता, उभ्याने, गठ्ठ्यांच्या आड उरकीत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वह्यांची पूजा होऊन प्रसाद वाटला, की मग तो नोकर शेवटची गाडी पकडून गावी जाई. त्याच्या घरी अभ्यंगस्नान त्याच्याविना होऊन गेलेले असे. माझ्या नायकाच्या गळ्यात दाटलेल्या हुंदक्यापेक्षा हे किती तरी मोठे होते. ते माझ्या पायाखालच्या फळीखाली घडत होते, आणि मी ते लिहिले नाही.

या अनुभवानंतर काही पुस्तके मी पुन्हा वाचली. भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ १९६५ साली आली तेव्हा अश्लीलतेवरून केवढे वादळ उठले होते! त्या गदारोळात एक साधी गोष्ट निसटली असे मला वाटते. तिथली पोरे रस्त्यावर विकत नाहीत आणि विकत घेतही नाहीत; ती नुसती उभी असतात. पाहुणा नव्हे आणि मालकही नव्हे, असा हा तिसरा रहिवासी पाध्यांनी मराठीत आणला. नारायण सुर्व्यांनी १९६६ साली आपल्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले, त्यातही रस्ता हा पाहण्याचा नाही, शिकण्याचा आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, आणि तीत तेंडुलकर त्या वस्तीत उघडउघड पाहुणे म्हणून जातात, शब्दांचे अर्थ विचारतात. एकाच पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांत एक पाहुणा आणि एक रहिवासी बसलेले मला तरी दुसरीकडे आढळले नाहीत. पाहुण्याने आपण पाहुणे आहोत हे लपवले नाही, यातच त्या प्रस्तावनेचा मोठेपणा आहे. त्या कविता सर्वांना सोसतील असे नाही. मी वर्गात त्या वाचून दाखवलेल्या नाहीत. पण त्यांतल्या रस्त्याला वास आहे.

कोणी म्हणेल, मग लेखकाने काय प्रत्येक रस्त्यावर खोली भाड्याने घ्यावी? तसे नाही, आणि अरुण कोलटकरांनी हे चांगले दाखवून दिले आहे. मुंबईच्या काळा घोडा भागात ‘वेसाइड इन’ नावाचे उपाहारगृह होते. तिथे ते वर्षानुवर्षे जाऊन बसत आणि समोरचा रस्ता न्याहाळीत. त्यातून जन्मलेले कवितांचे पुस्तक २००४ साली निघाले, त्यांच्या निधनाच्याच वर्षी. ते इंग्रजीत आहे, याची मला मराठी लेखक म्हणून थोडी चुटपुट लागते. पण रस्त्यावरच्या माणसांची न्याहारी, त्यांची आंघोळ, त्यांचे केस विंचरणे त्यात जसे आले आहे, तसे तिथे घर असणाऱ्यालाही लिहिता आले नसते. कोलटकरांचे तिथे बिऱ्हाड नव्हते. पण त्यांच्या खिडकीवर पाटीही नव्हती. आणि ते तिथे काही खरेदी करायला गेले नव्हते. आमच्यासारखे बस्त्याचे लोक गाडीची वेळ सांभाळून पाहतात, तिथे घाई आडवी येते. आणि माझ्यासारखे राहून न पाहणारे? त्यांच्या आड काय येते, याचे उत्तर मला अजून नीट सापडलेले नाही. त्या वयात खालच्या दुकानातल्या नोकरापेक्षा आपण काही तरी वरचे आहोत असे मला वाटत होते, हे मात्र खरे. आणि ते एका मजल्याच्या उंचीमुळे वाटत नव्हते.

गेल्या हिवाळ्यात पुतणीच्या बस्त्याला पुन्हा गेलो. या खेपेला मीच हट्ट धरून मंडळींना त्या दुकानात नेले. गादीच्या जागी आता खुर्च्या आणि काचेची टेबले आली आहेत, पण तो होता. केस सगळे पिकलेले. त्याने आमच्या आत्यासमोर तास-दीड तास साड्या उलगडल्या, एकदाही कपाळाला आठी न घालता. आत्याने सवयीप्रमाणे काठ चिमटीत धरून नाक मुरडले आणि शेवटी पहिलीच साडी घेतली. बिल होईस्तोवर मी त्याला विचारले, वरची खोली आहे का अजून, जरा पाहून येऊ का?

“खोली हाये गुरुजी, माल भरला हाये तिच्यात,” तो साडीची घडी घालता घालता म्हणाला. “अन् थे खिडकी बुजवली. एसी बसवला न तिथं.”

तेवढ्यात बाहेरून पुतणीने हाक मारली. ब्लाउजपीसचा रंग जुळत नव्हता, आणि आमच्या गाडीला चाळीस मिनिटे उरली होती.