‘ठणठण’ : एका नादशब्दाची अर्थव्याप्ती

मराठी व्याकरणाच्या अध्यापनात ‘ठणठण’सारख्या शब्दाची बोळवण बहुधा एका ओळीत होते. अभ्यस्त शब्दांचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त व अनुकरणवाचक असे प्रकार सांगावयाचे, तिसऱ्या प्रकाराखाली किरकिर, कडकडाट, ठणठणाट ही उदाहरणे द्यावयाची आणि पुढे जावयाचे. ध्वनीचे अनुकरण एवढेच या शब्दांचे कार्य, हा समज त्यातून रूढ होतो. तो अपुरा आहे.

‘आजोबा ठणठणीत आहेत’ आणि ‘विहीर कोरडी ठणठणीत आहे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात सुस्थिती आहे, दुसऱ्यात संपूर्ण अभाव. डहाणू-तलासरी परिसरातील विद्यार्थ्यांना दुसरा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या येथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात हंडे रिकामे असतात. घरी वारली बोलणाऱ्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ‘ठणठणीत म्हणजे रिकामे’ असे लिहिले, तर त्याचे गुण कापण्यापूर्वी परीक्षकाने क्षणभर थांबावयास हवे.

कोशकार असे अर्थ एकाखाली एक नोंदवितात. त्यांतील नाते वाचकाने शोधावे. आमच्या मते ते नाते ध्वनीत नसून ध्वनी काढण्याच्या कृतीत आहे. बाजारात माठ घेताना गिऱ्हाईक बोटांनी टिचकी मारते. न तडकलेला माठ ठणठण वाजतो. तडा गेलेला बद्द बोलतो. मात्र खणखणीत वाजण्यासाठी तो रिकामाही असावा लागतो. भरलेल्या माठाचा नाद दबतो. म्हणजे एकच नाद पात्राच्या धडपणाची ग्वाही देतो आणि आत काही नसल्याचीही. ‘ठणठणीत’मध्ये भाषेने पात्राकडे पाहिले, ‘ठणठणाट’ आणि ‘ठणठणगोपाळ’मध्ये पात्राच्या आत. ‘ठणकावून सांगणे’ यातही आघात आहेच. दाताचा ठणका मात्र या चौकटीत सहजी बसत नाही. तेथे ठोके आतून पडतात.

या शब्दातील खेळकरपणा लोककथेने अचूक हेरला आहे. नवऱ्याचे ‘ठणठणपाळ’ हे नाव न आवडणारी स्त्री घराबाहेर पडते. तिला अमर नावाच्या माणसाची प्रेतयात्रा दिसते, धनपाल भीक मागताना आढळतो, लक्ष्मी शेण्या वेचताना भेटते. ती परतते आणि आहे ते नाव गोड मानते. मराठीबरोबरच ही कथा गुजराती व हिंदीतही प्रचलित आहे. तिचे जुने रूप पालीतील नामसिद्धि जातकात सापडते. तेथे नावावर रुसलेल्या शिष्याचे नाव ‘पापक’ आहे. हा फरक महत्त्वाचा वाटतो. ‘पापक’ या नावाला अर्थ आहे आणि तो वाईट आहे. ‘ठणठणपाळ’ या नावात नुसता रिता नाद आहे. अमर, धनपाल, लक्ष्मी ही नावे जे वचन देतात ते मोडतात. ठणठणपाळाने कसलेच वचन दिलेले नाही. पापाच्या जागी नाद आणून लोककथेने जातकातील बोध हलका केला आणि विनोद वाढविला.

जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांनी ‘ललित’ मासिकातील ‘घटका गेली, पळे गेली’ या सदरासाठी हेच नाव घेतले. त्यात केवळ ‘मी रिकामा’ अशी लटकी नम्रता पाहणे हे अर्धेच वाचन होय. साहित्यिकांच्या थोरवीला टिचकी मारून तिचा आवाज ऐकणे हा त्या सदराचा धंदाच होता. वसंत सरवटे यांनी रेखाटलेल्या ठणठणपाळाच्या हाती हातोडा आहे, तो उगाच नव्हे. ज्याचे नावच रिकाम्या भांड्याचे, त्याने दुसऱ्यांची भांडी वाजविली तर रागवायचे तरी कोणी?