जाळीतला शब्द : ‘कॅन्सल’चा प्रवास

‘कॅन्सल’ हा शब्द मराठीत आता परका राहिलेला नाही. गाडी कॅन्सल होते, सभा कॅन्सल होते, ठरलेले लग्नही कॅन्सल होते. गेल्या दहाएक वर्षांत मात्र या क्रियापदाला एक नवे कर्म मिळाले आहे, आणि ते म्हणजे माणूस. लेखक, नट, प्राध्यापक, गायक कॅन्सल होऊ लागले. कागदासाठी घडलेले क्रियापद माणसाला लावले की त्याच्या अर्थाचे काय होते, आणि त्या माणसाच्या कामाचे काय होते, हे तपासण्यासाठी या शब्दाचा मागोवा घ्यायला हवा.

लॅटिनमध्ये ‘कान्केली’ म्हणजे आडव्याउभ्या पट्ट्यांची जाळी. तिच्या मुळाशी ‘कार्कर’, म्हणजे कोंडवाडा किंवा तुरुंग, हा शब्द असल्याचे व्युत्पत्तिकार मानतात. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात न्यायासनापुढे अशी जाळी असे आणि तिच्यापाशी उभा राहणारा शिपाई ‘कान्केलारिउस’ म्हणवला जाई. हा शिपाई पुढे लेखनिक झाला, लेखनिकाचा सचिव झाला आणि सचिवाचा ‘चॅन्सेलर’. जर्मनीचा शासनप्रमुख आणि विद्यापीठांचे चॅन्सेलर हे सारे या जाळीजवळच्या शिपायाचे वंशज आहेत. आपण ‘कुलपती’ हा भारदस्त प्रतिशब्द घेतला आणि त्यात ती जाळी हरवली.

लेखनिकाच्या हातूनच या शब्दाचा दुसरा अर्थ जन्मला. दस्तऐवज निकालात निघाला की त्याच्यावर तिरप्या रेघा एकमेकींना छेदतील अशा ओढत. कागदावर जाळी उमटे, म्हणून ते ‘कान्केलारे’. हे क्रियापद फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आले, ते याच अर्थाने. येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. जाळीतून पलीकडचे दिसते. रेघांखालचा मजकूर वाचता येतो. त्याची सत्ता तेवढी संपलेली असते. ‘डिलीट’ या शब्दाचे कूळ याहून वेगळे आहे. त्याच्यामागचे लॅटिन क्रियापद पुसून टाकणे, नष्ट करणे या अर्थाचे आहे. आज संगणकावर दोन्ही शब्द शेजारी दिसतात, पण एक खूण ठेवतो आणि दुसरा खूणही ठेवत नाही.

कॅन्सलचे पहिले सोबती कर्जरोखे होते. शेक्सपिअरकडे हा शब्द वारंवार रोख्याला किंवा हिशेबाला चिकटून येतो. ‘मॅकबेथ’मध्ये आणि ‘तिसरा रिचर्ड’मध्ये जीवन हाच एक रोखा होतो आणि तो रद्द व्हावा अशी मागणी होते. तिसाव्या सुनीतात तर केव्हाच चुकती झालेली दुःखे कवी पुन्हा उघडतो आणि जणू बाकी राहिली असावी तशी फिरून भरतो. छेद दिलेली ओळ वाचता येते, म्हणूनच हे शक्य होते. पुसलेल्या हिशेबाची पुनर्भरणी कोण करणार?

ऋणकोच्या दृष्टीने पाहिले तर हा सुटकेचा शब्द आहे. आपल्याकडे याच कामाचा शब्द होता ‘फारखत’: देणे फिटल्याचे, दावा सोडल्याचे लेखी पत्र. ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे लेख. पुढे हा शब्द नवराबायकोच्या ताटातुटीला लागला आणि ‘फारकत’ होऊन बसला. कागदावरचा शब्द नात्यावर कसा सरकतो, याचे हे घरचेच उदाहरण. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. गाथाही त्याच नदीत गेली. गाथा वर आली, खते आली नाहीत. काय टिकावे आणि काय बुडावे, याचा निवाडा लोकस्मृतीने असा करून ठेवला आहे.

रोखा रद्द होत नाही तेव्हा तो जाळला जातो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि पाहता पाहता पुणे व नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. जमावाचा मुख्य रोख कागदांवर होता. रोखे, हुकूमनामे हाती आले की त्यांची होळी होई. पण कागद जळाल्याने कायद्याच्या नजरेत देणे मरत नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने निराळी वाट काढली. रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता न्यायालयाने व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे त्याने सांगितले. जाळण्याने पुरावा जातो. तपासण्याने अन्याय दिसतो. संताप दोन्हीकडे रास्त होता, पण शेतकऱ्याच्या हाती पुढे उपयोगी पडेल असे काही राहिले ते दुसऱ्या वाटेने.

रद्द करणे म्हणजे मिटवणे नव्हे, हे आपल्या व्यवहारात आजही ठायी ठायी दिसते. पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून आपण त्याच्यावर आडवी सही करतो. १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या भाषेत ही सही म्हणजे तिकीट कॅन्सल करणे होय. ती नसेल तर कागदावर तिकीटच नाही असे धरले जाते. बँक ‘कॅन्सल्ड चेक’ मागते तो याचसाठी: पैसे निघू नयेत, पण खाते क्रमांक वाचता यावा. १८४० मध्ये इंग्लंडात पहिले डाकतिकीट निघाले. त्याच्यावरचा लाल शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येई. म्हणून शाई काळी झाली आणि १८४१ मध्ये तिकीट लाल झाले. पुढे शिक्क्यात गाव व तारीख आली आणि रद्द झालेले तिकीट कोऱ्याहून जास्त बोलू लागले.

सर्वांत बोलके उदाहरण १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये आहे. न्यायालयाने नोंदणीकृत दस्त रद्द ठरवला, तर हुकूमनाम्याची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे जाते आणि तो आपल्या पुस्तकातील त्या दस्ताच्या नकलेवर रद्द झाल्याची नोंद करतो. पान फाडत नाही. पुढे येणाऱ्याला दस्तही दिसतो आणि त्याचे काय झाले हेही दिसते.

या शब्दाला माणूस चिकटला तो अमेरिकेत. वर्गणी, मागणी, दूरचित्रवाणीवरची मालिका ‘कॅन्सल’ होणे तेथे नित्याचे होते. १९८१ साली ‘शिक’ या बँडने एका गाण्यात प्रेमच कॅन्सल केले. १९९१ च्या ‘न्यू जॅक सिटी’ या चित्रपटात एक गुंड आपल्या प्रेयसीबद्दल हेच क्रियापद वापरतो. पुढे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या समाजमाध्यमी बोलीत तो अर्धवट थट्टेचा, अर्धवट निषेधाचा शब्द झाला. तुझी वर्गणी मी बंद केली, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्यासाठी दरबार नव्हता आणि दारही नव्हते, त्यांच्या हाती नकाराचा एवढाच हक्क होता. मग तो सार्वत्रिक झाला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी कोशाने ‘कॅन्सल कल्चर’ला वर्षाचा शब्द ठरवले.

मराठीत याला ‘बहिष्कार’ किंवा ‘वाळीत टाकणे’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. आपल्याकडच्या बहिष्काराला पंच होते, दंड होता, प्रायश्चित्त घेऊन जातीत परतण्याची वाटही होती; आणि त्याचा घाव बलवंताने दुबळ्यावर घातलेला होता. म्हणूनच १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले आणि म्हणूनच महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. जातपंचायतीने पाणी तोडलेल्या कुटुंबाला आणि लाखो चाहते असलेल्या नटावर झालेल्या टीकेला एकच शब्द लावला, तर त्या कुटुंबाचे दुःख हलके होते आणि त्या नटाला फुकटचे हौतात्म्य मिळते.

तरीही नव्या कॅन्सलमध्ये एक उणीव आहेच. जुन्या अर्थात कोणता व्यवहार संपला हे ठरलेले असे, तो संपल्याचे सांगणारा अधिकारी असे आणि मजकूर वाचता येई. माणसाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी सुटतात. नेमके काय रद्द झाले? त्याचे वर्तन, त्याचे पद, की त्याने वीस वर्षांपूर्वी लिहिलेली कादंबरी? क्रियापद जाळीचे राहिले; काम मात्र पुसण्याचे होऊ लागले. ‘रद्द’मधूनच ‘रद्दी’ आली, हे येथे आठवते. रद्द झालेला कागद दप्तरात जपला जातो, रद्दी किलोवर जाते.

साहित्यव्यवहारात हा प्रश्न दारात उभा आहे. एखाद्या लेखकाने कुणाला छळले असेल, तर ते सांगणाऱ्याचे ऐकले पाहिजे. त्याला व्यासपीठ, पुरस्कार, अध्यक्षपद नाकारण्याचा हक्क वाचकांना आणि संस्थांना आहे. ते खरे कॅन्सल करणे: सत्ता काढून घेणे. पण पुस्तक कपाटातून आणि नाव इतिहासातून काढले, तर सर्वांत मोठी सोय त्याचीच होते. त्याच्या लेखनाबरोबर त्याच्या कृत्याचा पुरावाही जातो, आणि ज्यांनी सोसले त्यांची साक्ष कोणत्या पानाच्या कडेला लिहायची हा प्रश्न उरतो.

मराठीत ‘खोडणे’ दोन प्रकारचे आहे. खोडरबराने खोडले की अक्षर जाते. मुद्दा ‘खोडून काढायचा’ असेल तर तो आधी नीट मांडावा लागतो, वाचावा लागतो. समीक्षेचे काम या दुसऱ्या प्रकारचे आहे. नोंदणी अधिकाऱ्याप्रमाणे तिने पान जागेवर ठेवावे आणि समासात स्पष्ट अक्षरांत लिहावे, काय घडले ते.