स्कंधचिन्हांतील रंगभेद

लष्करी स्कंधचिन्हांच्या संग्राहकांत एकाच चिन्हाच्या फिकट, गडद व पिवळट नगांची स्वतंत्र प्रकार म्हणून नोंद करण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस सदोष वाटते. पाठभेद निराळा व लेखकप्रमाद निराळा, हें पोथ्यांच्या अभ्यासकांस सांगावयास नको. तोच विवेक येथेंही पाहिजे.

खऱ्या रंगभेदाचें उदाहरण म्हणजे १९१८ च्या अखेरीचें अमेरिकेच्या दुसऱ्या डिव्हिजनचें चिन्ह. ताऱ्यावर अमेरिकेंतील आदिवासी पुरुषाचें मस्तक सर्वांस समान. परंतु मागील कापडाचा आकार रेजिमेंट दाखवी व रंग बटालियन. सहाव्या मरीन रेजिमेंटचा शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा पहिल्या बटालियनीस लाल, दुसरीस पिवळा, तिसरीस निळा असे. येथें रंग हाच पुरावा होय.

उलटपक्षीं उन्हानें उडालेला रंग हा प्रकार नव्हे, ती झीज आहे. चिन्ह उलटें करून पाहावें. पाठीचा दोरा गडद व दर्शनी बाजू फिकट असल्यास निर्णय झालाच. दोन्ही बाजू सारख्या असल्या तरी धुण्याचा परिणाम किंवा रंगाची दुसरी खेप संभवते.

अतिनील प्रकाशांत पांढरा दोरा निळसर चमकला कीं चिन्ह अलीकडचें ठरविणारेही घाई करितात. शुभ्रता आणणारें द्रव्य मागाहून धुण्याच्या साबणांतूनही जुन्या दोऱ्यांत शिरतें. चमक संशयास पुरेशी आहे, निकालास नाहीं.

यास्तव यादींत रंगाशेजारीं पाठीची स्थिति नोंदल्यावांचून कोणताही रंगभेद ग्राह्य धरूं नये, असें आमचें मत आहे.