डोळ्यांनी शिकलेली गिटार

खानदेशात गिटार शिकू पाहणाऱ्या तरुणाच्या हाती पूर्वी प्रथम येई ती कॉर्डच्या आकृत्यांची पुस्तिका. अलीकडे तिची जागा मोबाईलवरील चित्रफितीने घेतली आहे. साधन बदलले, दोष तोच राहिला: दोहोंतून हे वाद्य डोळ्यांनी शिकले जाते. सहा उभ्या रेघा, काही आडव्या, त्यांवर काळे ठिपके. ठिपक्यांवर बोटे टेकली की कॉर्ड आली, असा समज होतो. जळगाव-धुळ्याकडील ज्या धर्मग्रामात गायनवृंद लहान आणि वादक एकटाच, तेथे या समजाची किंमत साऱ्या उपासनेला मोजावी लागते.

ठिपका बोट कोठे ठेवावे हे सांगतो, कसे ते नाही. नवशिका बोट दोन पडद्यांच्या मधोमध टेकवतो, तार खरखरते, म्हणून तो जोर वाढवतो. जोराने तार ताणली जाऊन स्वर चढतो आणि दोष गिटारीच्या माथी जातो. डाव्या हाताची नखे कापून, बोटाच्या टोकाने, पडद्याच्या अगदी लगत मागे तार दाबावी. थोडा जोर पुरतो. आवाज मोठा यावा म्हणून नायलॉनच्या तारांच्या गिटारीला पोलादी तारा चढवणे हा तर वाद्यावरच अन्याय. वाढलेल्या ताणाने घोडी उचलली जाते.

शिवाय आपला उन्हाळा. पोलादी तार तापली की सैलावते, स्वर उतरतो. घरी लावलेली गिटार मे महिन्याच्या उन्हातून चर्चमध्ये आणली की पुन्हा लावावीच लागते. तीही ट्यूनरपेक्षा पेटीशी मिळवून, कारण तार पिळता येते, पेटीचा स्वर नाही. पुस्तिका सी आणि जी या कॉर्डांत रमते, भाविक मात्र काळी एकमध्ये गातात. अशा वेळी सर्वांना आपल्या स्वराकडे ओढण्यापेक्षा पहिल्या पडद्यावर कॅपो लावला, तर सीच्याच आकृतीतून काळी एक मिळते.

तथापि सर्वांत मोठी चूक लयीची आहे. कॉर्ड बदलताना डावा हात अडखळतो आणि त्याची वाट पाहत उजवाही थांबतो. उजव्याने थांबू नये; कॉर्ड अर्धवट लागली तरी चालेल, मात्रा चुकता कामा नये. त्यात पुस्तिकेने शिकवलेला चार मात्रांचा एकच वर-खाली झंकार प्रत्येक गीतावर लादला जातो. केरव्याला तो कसाबसा खपतो. सहा मात्रांच्या दादऱ्याची आणि सात मात्रांच्या रूपकाची मात्र तो मोडतोड करतो. हे खानदेशात घडावे याचे नवल वाटते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) अक्षरओळख नव्हती. घरोटावर आणि शेतात हात चाले, त्या लयीत ओवी जुळे. ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक झाले ते १९५२ साली, त्यांच्या मागे. सातपुड्याच्या पायथ्याशी ढोल ऐकत वाढलेला मुलगा टाळी अचूक देतो आणि गिटार हाती येताच तीच लय विसरतो! त्याने आधी गिटार बाजूला ठेवून गीताचा ठेका टाळीवर धरावा. मग डाव्या हाताने तारा नुसत्या मुक्या करून उजव्याने तोच ठेका वाजवावा. कॉर्ड त्यानंतर.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ साली, रोमने उपासना-संगीताविषयी जी सूचना काढली, तिच्यात वाद्याने गायनाला आधार द्यावा, शब्द झाकू नयेत, अशी अपेक्षा आहे. या कसोटीवर आपले नवशिके कमी पडतात ते बोटांच्या कच्चेपणामुळे नव्हे. ते ध्रुपदापासून शेवटच्या कडव्यापर्यंत एकाच जोराने वाजवतात आणि मागच्या बाकांवरचे गाणे हळूहळू बंद होते. कडव्यात फक्त समेवर हलका झंकार द्यावा, ध्रुपदाला भरून वाजवावे. धर्मगुरू आपली प्रार्थना म्हणत असताना वाद्याने गप्प राहावे, असेही त्याच सूचनेत आहे. तेव्हाही तारा छेडत राहण्याची नवी हौस चित्रफितींतूनच आलेली दिसते.