हौस आणि साधना

‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे, विशेषतः नाटकाच्या संदर्भांत, किंचित् कमीपणानेंच उच्चारला जातो. हौस म्हणजे अपुरी तयारी, अशी आपली समजूत! ‘विनिंग : द रेसिंग लाइफ ऑफ पॉल न्यूमन’ हा २०१५ सालचा अमेरिकन चरित्रपट ती समजूत दूर करण्यास उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

‘विनिंग’ याच नांवाच्या १९६९ च्या बोलपटांत मोटार-शर्यतवाल्याची भूमिका करितांना या नटास शर्यतीचा नाद लागला. १९७२ मध्यें, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, तो क्लबाच्या शनिवार-रविवारच्या शर्यतींत उतरला. तेथें त्याचें नांव ‘पी. एल. न्यूमन’ एवढेंच. पुढें १९७६, १९७९, १९८५ व १९८६ या सालीं त्यानें ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’चें राष्ट्रीय अजिंक्यपद आपल्या गटांत मिळविलें. घड्याळ कोणाच्या कीर्तीची भीड धरीत नाहीं.

चित्रपटाची उणीव मात्र येथेंच जाणवते. रॉबर्ट रेडफर्ड, मारिओ अँड्रेटी यांसारख्या नामवंतांच्या साक्षी त्यांत आहेत. परंतु वळणापूर्वीं ब्रेक कोठें दाबावा, वेग केव्हां आवरावा, हें तो प्रौढ विद्यार्थी पायरीपायरीनें कसा शिकला, तें पाहण्याची आमची इच्छा अतृप्तच राहिली. विजयांची मोजदाद कोणीहि करील. मिळालेली कीर्ति बाजूस ठेवून पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हां उमेदवारी पत्करणें, हें खरें कौतुकास्पद.

हौसेला शिस्त लाभली कीं तिचीच साधना होते. आमच्या वयाच्या वाचकांनीं तरी हा पट अवश्य पाहावा.